तीन बोटांची मंदी

माझे सासरे जानराव मेडशीत बैलांची दलाली करत. लग्न होऊन मी या घरात आले त्याला आठ दिवसही झाले नव्हते, तेव्हा शेजारच्या कमलीबाईनं मला विहिरीवर गाठून शहाणं केलं. "तुह्या सासऱ्यानं मोठ्यानं सांगतलेलं कधी खरं मानू नोको, बाई. त्याचं खरं दुपट्ट्याखाली असते."

कमलीबाईला लोकांच्या घरात नाक खुपसायची खोड होती, म्हणून मी ते ऐकून सोडून दिलं. पण या बाबतीत बाई खरी निघाली.

बैलांच्या बाजारात भाव कोणी तोंडानं सांगत नाही. दलाल खांद्यावरचा दुपट्टा काढून हातावर टाकतो, घेणारा त्याखाली हात घालतो आणि दलालाची बोटं धरतो. पहिलं बोट धरलं की दहा रुपये. दोन धरली की वीस, तीनचे तीस, चारचे चाळीस, आणि अंगठ्यासकट सगळा पंजा धरला की पन्नास. सौदा पटला तर दलाल त्याचा हात घट्ट दाबतो, नाही पटला तर ढिला सोडतो. वर तोंडानं मात्र भलतंच चाललेलं असतं. "हा काय बैल हाये? याच्यापरीस बकरी बरी," असं घेणारा म्हणतो, आणि "घरी नेऊन बांध ना मंग बकरी," असं दलाल म्हणतो. भोवतीचे लोक हसतात. ते सगळं बोलणं त्या लोकांसाठी असतं. खरा व्यवहार खाली, दोन हातांत.

तीस वर्षं हे केल्यावर माणूस घरी येताना सवय बाजारात ठेवून थोडाच येणार? मामाजी, म्हणजे माझे सासरे, पोटभर जेवत आणि म्हणत, "आज वरनात मीठ टाकाचं राह्यलं वाटते." ताट तर धुतल्यासारखं दिसे. पहिले चार महिने मी रोज रडले. नंतर समजलं की "मीठ नाई" म्हणजे स्वयंपाक झकास झाला. ज्या दिवशी ते काहीच बोलत नसत, त्या दिवशी मी धास्तावायची.

घरात आम्ही तिघंच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. माझ्या नवऱ्याचं नाव जगदेव. नवऱ्याचं नाव तोंडानं घेऊ नये अशी आमच्याकडे रीत आहे आणि मी ते कधी घेतलं नाही. कागदावर लिहायला कोणी मनाई केली नव्हती, म्हणून लिहिते.

जगदेव नागपूरला राहून बी.ए. झाले. निकालाची तार आली तेव्हा मामाजी अंगणात चार लोकांत बसले होते. "चाला," ते म्हणाले, "खायाले तोंड तेवढंच राह्यलं, कामाचे दोन हात गेले." सगळे हसले. संध्याकाळी त्यांनी गल्लीत घरोघर गूळखोबरं पाठवलं. मारुतीपुढं नारळ फोडताना त्यांना रडू आवरेना, हे मला सुलतानबीनं सांगितलं. तिचे यजमान रहमतुल्लाचाचा मामाजींचे बाजारातले जोडीदार. तीस वर्षं दोघं शेजारी शेजारी उभे राहून दलाली करत आलेले.

बी.ए. झालं आणि त्याच साली मंदी आली. कापसाचा भाव असा काही खाली आला की वेचायची मजुरीही निघेना. कापसाची सरकी काढायची जिनं बंद पडली. वाशीमकडून अकोल्याला मोटार नेणारा फुलसिंग सांगायचा की रस्त्यानं एका जिनाच्या धुरांड्यातून धूर दिसेल तर शपथ. जगदेवांना नागपुरात एका पेढीवर काम मिळालं होतं, ते वर्ष पुरं व्हायच्या आत गेलं. एकोणीसशे एकतीसच्या चैत्रात ते ट्रंक घेऊन घरी परत आले. गावात आणखी दोन मॅट्रिक आणि एक बी.ए. झालेली पोरं पारावर बसलेली होतीच. त्यात ही एक भर.

आणि मी? मला आनंद झाला. सगळ्या मुलखावर संकट आणि ही बाई मनातून खूश, असं कोणी म्हणेल तर म्हणू द्या. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्यातले एकत्र काढलेले दिवस मोजायला फार वेळ लागला नसता. आता ते रोज समोर दिसत. तूर निवडताना शेजारी येऊन बसत, वर्तमानपत्रातलं वाचून दाखवत आणि माझ्या चौथीपर्यंतच्या शिक्षणाची थट्टा करत. मी त्यांच्या बी.ए.ची करायची.

वैशाखाच्या शेवटी एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. एक वाशीमच्या वाटेवरच्या मालेगावच्या शाळेचं. तिथले एक मास्तर निवृत्त होत होते आणि ती जागा जगदेवांना देऊ केली होती. त्या दिवसांत नोकरी मिळणं म्हणजे रस्त्यात सोन्याची अंगठी सापडण्यासारखं. मालेगाव जवळच, दर शनिवारी घरी येता आलं असतं. मी तिथं बिऱ्हाड केलं असतं तर मग काय, विचारूच नका.

दुसरं पत्र मुंबईचं. तिथल्या व्यापार शिकवणाऱ्या कॉलेजात पदवीनंतरच्या दोन वर्षांसाठी त्यांना जागा मिळाली होती. अमरावतीच्या एका शिक्षण-फंडानं राहण्या-खाण्याचा आणि फीचा भार उचलला होता, म्हणजे पैशाचंही निमित्त सांगता येणार नव्हतं. दोन्हीकडं उत्तर महिन्याच्या आत द्यायचं होतं.

मुंबईचा अर्ज त्यांनी कधी केला हे मला माहीतही नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "पेढीवरचं काम जाच्या आधी केलता. तवा वाटत होतं, आपल्याकडचा कापूस जिथं जाते तिथला कारभार एकदा शिकून घ्यावं. दर सालचा कापूस आपला, अन् त्याचा भाव कोन ठरवते हे कोनालेच माहीत नाई."

"अन् आता काय वाटते?"

"आता वाटते का दोन वर्सांनं शिकून आलो अन् व्यापारच उरला नसला तं? आगीत घर जळून राह्यलं अन् मानूस सुतारकाम शिकाले गेला, असं व्हाचं. हातातली शाळेची जागाबी गेली."

"मंग शाळा घ्या."

ते हसले. "तू तं हेच सांगशीन."

त्या रात्री जेवताना मामाजींनी दोन्ही पत्रांची हकिगत ऐकली. मी चुलीजवळ पदर पुढं ओढून बसले होते. भाकरीचा तुकडा मोडत ते स्वच्छ, मोठ्यानं म्हणाले, "मुंबईले जाय. शीक."

एवढंच. मिठाबद्दल काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी अंगणात चार लोकांसमोर पुन्हा तेच. "पोरगा मुंबईले चालला माहा. जाऊ दे. शिकन." तिसऱ्या दिवशीही तेच.

जगदेव दिवसेंदिवस गप्प होत गेले. शेवटी एका दुपारी मला म्हणाले, "बाबांच्या मनात म्या जाऊ नये असं हाये."

"ते तं जाय म्हनून राह्यले."

"मोठ्यानं म्हनून राह्यले," जगदेव म्हणाले. "तूच सांग, आजवर मोठ्यानं बोललेलं त्याहिचं कधी खरं निघालं काय? लहानपनी मले ताप आला तं म्हनाचे, 'बरं झालं, घर शांत हाये.' अन् रातभर उशाशी बसाचे. आता तीन तीन येळा 'जाय' म्हनतेत. याचा अर्थ काय झाला? त्याहिले एकटं राहावत नाई, पन पोराच्या आड याचं नाई. मी काय दलालाचा पोरगा नाई का? मले समजते."

त्यांचं म्हणणं मला पटलं. पटावं अशी माझी इच्छाही होती, ते वेगळं. पण मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी त्यांना ठाऊक नव्हती.

ती गोष्ट अशी. जगदेव नागपूरहून परत यायच्या महिनाभर आधी मामाजी चिलीम पेटवायला चुलीतला निखारा घ्यायला आले. मी पीठ मळत होते. चिमट्यानं निखारा उचलताना त्यांचा उजवा हात तापलेल्या तव्याच्या कडेला टेकला. टेकला तो टेकलाच. ते निवांत निखारा निवडत राहिले आणि मला कातडी करपल्याचा वास आला.

"मामाजी, हात!" मी ओरडले.

त्या घरात येऊन दोन-अडीच वर्षं झाली होती, तरी मी त्यांच्याशी थेट बोललेला हा पहिला शब्द. सून सासऱ्याशी बोलत नसे. बोलायचंच झालं तर भिंतीला सांगायचं. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं आणि मग हाताकडं. करंगळीच्या बाजूनं टरारून फोड आला होता, पण त्यांच्या चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती. मला नको ती, महारोगाची शंका आली.

"ते नाई पोरी, तू समजते तो रोग नाई," ते हळू म्हणाले. "वाशीमच्या डाक्टरले दाखवलं. दिवाळीच्या बाजारात एका गोऱ्ह्यानं शिंग हानलं होतं कोपरात. तिथली नस गेली म्हनते. करंगळी मेली, अन् तिच्या शेजारचं बोट अर्धं." डाव्या हातानं त्यांनी उजव्या हाताची बोटं एकेक धरून मला दाखवली. "हे पहिलं समजते. हे दुसरं समजते. हे तिसरं, अलीकडच्या अंगानं समजते. पुढं काई नाई. कोनी तीन धरले का चार, मले सारखंच."

बैलांच्या दलालाची बोटं गेली म्हणजे काय गेलं, हे मला सांगायची गरज नव्हती. गवयाचा गळा बसावा तसं ते झालं.

"कोनाले माहीत हाये?"

"रहमतुल्लाले. आता तुले. जगदेवले सांगू नोको. तो घर सोडून कुठं जानार नाई मंग." आणि माझ्याकडं न पाहता त्यांनी विचारलं, "सांगशीन काय?"

"नाई सांगनार," मी म्हणाले. भिंतीला नव्हे, त्यांनाच.

तेव्हा मुंबईचं पत्र यायचं होतं. आलं तेव्हा कळलं की मी केवढा शब्द देऊन बसले. नवऱ्याच्या कानात एक वाक्य सांगितलं असतं, "मामाजींची दोन बोटं गेली," तर मुंबई तिथंच संपली असती. ते राहिले असते आणि चांगुलपणाही माझ्याच पदरात पडला असता. किती वेळा ते वाक्य ओठावर आलं म्हणून सांगू! शब्द दिला होता म्हणून गिळलं. आणि मग पाहा गंमत, वाक्य गिळूनही माझंच साधलं. कारण जगदेवांनी आपल्या मनानंच, बापाचं बोलणं उलटं वाचून, न जायचं ठरवलं.

महिना संपायला दोन दिवस राहिले होते. जगदेवांनी मुंबईला नकाराचं पत्र लिहिलं, पाकिटात घालून कोनाड्यात ठेवलं आणि मला म्हणाले, "उद्या सकाळी फुलसिंगची मोटार आली का त्याच्याजवळ दे. अकोल्याच्या डाकेत टाकन." आणि मालेगावला शाळेच्या माणसाला भेटायला निघून गेले. जाताना उंबऱ्यात जरासे थांबले आणि कोनाड्याकडं पाहिलं. तसं पाहिलं नसतं तर फार बरं झालं असतं. तसंच माझे वडील माझी पाठवणी करताना माझ्याकडं पाहत होते.

मी दुपारभर त्या पाकिटाकडं पाहत काम केलं. काही करायचंच नव्हतं मला. गप्प बसायचं आणि सकाळी पाकीट फुलसिंगच्या हातात द्यायचं. मालेगावात दोन खोल्यांचं बिऱ्हाड, दारात तुळस, शाळेतून येणारे मास्तर. सगळं आयतं चालून आलं होतं. मला ते हवं होतं. त्याबद्दल मी आजही कोणाची माफी मागणार नाही. पण मामाजींनी बोटांचं लपवलं होतं ते पोरगा घरात अडकू नये म्हणूनच. म्हणजे ते खरं बोलत होते, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मोठ्यानं खरं बोलत होते, आणि ते खरं आहे हे उभ्या गावात फक्त मला समजलं होतं. ज्यांना ऐकायला हवं त्यांना ते खोटं वाटत होतं. हे मला सोसवेना.

मामाजी ओसरीवर टेकून बसले होते. उजवा हात नेहमीसारखा दुपट्ट्यात गुंडाळलेला. मी दारापर्यंत गेले आणि पदर सारखा करून म्हणाले, "मामाजी, त्याहिनं मुंबईले नाई म्हनून लिवलं."

ते ताठ बसले. "काहून? मी तं रोज जाय म्हनून राह्यलो."

"तुमी मोठ्यानं म्हनून राह्यले," मी म्हणाले. "त्याहिले वाटते, तुमचं खरं उलटं असन."

मामाजींना हसू आलं. हसता हसता ते थांबले. मी कोनाड्यातलं पाकीट आणून त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"मंग कसं सांगू त्याले?"

"दुपट्ट्याखाली सांगा. तेच त्याहिले खरं वाटन."

"अवं पोरी," ते म्हणाले, "दुपट्ट्याखाली हात देला तं त्याले समजनच ना. चार वर्साचा होता तवापासून बोटं धराले शिकवलं त्याले. दुसऱ्या कोनाले फसवीन, त्याले नाई फसवता येनार. म्हनूनच तं मोठ्यानं बोललो."

मी आत गेले आणि दळायला बसले. दळण नव्हतं, तरी बसले.

ऊन कलल्यावर जगदेव आले. पाय धुऊन ओसरीवर चढत होते तोच मामाजी म्हणाले, "इकडं ये. बस. हात दे."

त्यांनी दुपट्टा सोडला आणि दोघांच्या हातांवर टाकला. मी दाराआडून पाहत होते.

"कोनता बैल इकून राह्यले, बाबा?" जगदेव हसत म्हणाले.

"आज तुहाच सौदा हाये." मामाजींनी श्वास घेतला. "मुंबईले जाय." आणि दुपट्ट्याखाली हात दाबला. खांद्यापासून जोर लावलेला मला दिसला.

जगदेवांचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. दुपट्टा जरा हलला. मग ते हळू म्हणाले, "बाबा, आता म्या किती बोटं धरले?"

मामाजींनी थोडा वेळ घेतला. "तीन."

दुपट्टा पुन्हा हलला. "अन् आता?"

"तीनच ना."

जगदेवांनी दुपट्टा बाजूला केला. त्यांच्या मुठीत चार बोटं होती. करंगळीवर त्या फोडाचा डाग अजून होता. ते त्या हाताकडं पाहत राहिले, आणि मग सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं, लहान मुलासारखं रडले. मामाजींनी डावा हात त्यांच्या पाठीवर ठेवला.

"अरे, ऐकशीन तं खरं," ते म्हणाले. "आता रडाचं झालं असन तं सौदा ऐक. पाह्य, आता बाजारात बैल जातो कितीत? चांगल्यातला चांगला तिसात. तीन बोटं. त्याच्या वर भावच नाई. म्हनून माहं चालून राह्यलं. एखांदा चार बोटाचा बैल आलाच तं तो सौदा रहमतुल्ला घेते, अन् अर्धी दलाली मले देते. मी नाई म्हनतो तं ऐकत नाई. लोक मंदीले शिव्या देऊन राह्यले, अन् माही अबरू मंदीनंच राखली."

जगदेव ऐकत होते. मीही दार सोडून पुढं आले होते, माझ्या ध्यानातही आलं नाही.

"मंदी हाये तोवर माही तीन बोटं पुरतेत," मामाजी म्हणाले. "तेजी आली का चवथं बोट लागन, पाचवं लागन. तवा मले कोनी बाजारात उभं करनार नाई. तवा घरात कोनीतरी जानता पाह्यजे. म्हनून म्हनतो, शिकाचं असन तं आताच जाय. आता तू घरी राहून कमावशीन तरी काय? सारं बसलेलं हाये. भाव चढाच्या आत शिकून ये."

"अन् तुमाले वाटते त्याच्या आधीच तेजी आली तं?"

"तं आली! गावाचं भलं होईन. मी इथं बसून चिलीम ओढीन."

"अन् दोन वर्सांनंबी आली नाई तं?"

"तं माही तीन बोटं हायेतच."

जगदेव रडता रडता हसले. "दोनीकडून तुमचाच नफा. मंग मुंबईले कायले जाऊ? तुमीच शिकवा."

"मले येते ते झाकून कराचं येते," मामाजी म्हणाले. "तूच सांगत होता ना, मुंबईले व्यापारी भाव वरडून सांगते म्हनून? सगळ्याइच्या समोर? खरा भाव?"

"हाव. खरा."

"ते शिकून ये. मले ते कधी जमलं नाई." पाकिटाकडं पाहत ते म्हणाले, "एकदा करून पाह्यलं, तं पोटच्या पोरालेबी खोटं वाटलं."

जगदेवांनी स्वतःच दुपट्टा उचलून पुन्हा हातांवर टाकला. या वेळी त्यांनी किती बोटं धरली ते मला दिसलं नाही, पण मामाजींचा चेहरा दिसला.

"दोन," मामाजी म्हणाले. "समजलं." पहिलं आणि दुसरं, जी जिवंत होती तीच त्यांनी धरली होती. "दोन वर्सं. मंजूर." आणि त्यांनी उरल्या बोटांनी हात दाबला.

जगदेवांनी नकाराचं पत्र फाडलं आणि शाळेला लिहायला बसले. मी दिवा लावून जवळ ठेवला तेव्हा मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुले माहीत होतं?"

"हाव."

"मले काहून नाई सांगतलं?"

"शब्द देला होता." एवढं सांगून उठता आलं असतं. पण त्या दिवशी आमच्या घरात खरं बोलायची साथच आली होती. "अन् सांगतलं असतं तं तुमी राह्यले असते. मले तेच पाह्यजे होतं. म्हनूनच नाई सांगतलं, माह्या सुखासाठी सांगतल्यावानी झालं असतं."

त्यांनी टाक खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. मग पदराखालून माझा हात शोधून दोन बोटं धरली. मला बाजारातलं काही येत नव्हतं, तरी मी होतं नव्हतं ते बळ लावून दाबलं.

आठ दिवसांनी ते निघाले. फुलसिंगची मोटार गावाबाहेर वडाखाली थांबत असे. अर्धं गाव जमलं होतं. कमलीबाई तर सगळ्यात पुढं. सुलतानबीनं वाटेसाठी रोट बांधून दिले होते. रहमतुल्लाचाचा मामाजींच्या उजव्या हाताला उभे होते, दिवाळीपासून बाजारात उभे राहत तसेच. ट्रंक टपावर चढली, जगदेव पाया पडून आत बसले आणि फुलसिंगनं हँडल मारलं.

तेव्हा मामाजी पुढं झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरा, तुह्याबिगर मले करमनार नाई रे."

अख्खा घोळका खदखदून हसला. "पाहा जानरावची दलाली!" कोणीतरी ओरडलं. कमलीबाईनं मला कोपरानं ढोसलं, "म्हनजे ब्याद गेली म्हनते." फुलसिंगही हसत हसत म्हणाला, "दादा, आज तं पोराले खरं सांगा!"

जगदेव हसले नाहीत. सुरू झालेल्या मोटारीतून ते खाली उतरले, पुन्हा वाकले आणि बापाच्या पायांवर डोकं ठेवून बराच वेळ उठले नाहीत. रहमतुल्लाचाचांनी तोंड फिरवून घेतलं. लोकांना वाटलं, बी.ए. झालेला पोरगा भारी भोळा आहे.

मोटार पातूरच्या बाजूनं निघाली. मामाजींनी दुपट्ट्यात गुंडाळलेला उजवा हात बाहेर काढला आणि वर धरला. दिवाळीनंतर पहिल्यांदाच तो चारचौघांत उघडा पडला होता. दोन बोटं ताठ होती, तिसरं थोडं वाकलेलं, आणि करंगळी पार मिटलेली. लोक अजून हसतच होते, हाताकडं कोणाचंच लक्ष नव्हतं. मोटार वळणाआड जाईपर्यंत मामाजींनी तो खाली घेतला नाही, आणि मीही पदर डोक्यावरून सरकला तरी सावरला नाही.